अस्सलबरहुकूम ‘हं’

नव्या बाई कायम झाल्या असत्या तर त्यांचा फायदा नेमका किती झाला असता, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात पुष्कळदा मांडून ठेवला होता. पाठ नसलेल्या स्टुलाऐवजी हातांची खुर्ची मिळाली असती. हजेरीपटावर त्यांचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते, ते शाईने झाले असते. ताप आला तर घरी झोपून राहण्याचा अधिकार मिळाला असता; सध्या आलेला ताप त्यांना कार्यालयात सोबत घेऊन यावा लागे. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे थोरल्या जाऊबाई गप्प बसल्या असत्या. दोन्ही भावांच्या कुटुंबांचे जेवण एकाच टेबलावर होई, आणि वाढताना जाऊबाई न चुकता म्हणत, “आमच्या ह्यांचं एक बरं आहे बाई, कायम आहेत.” भाजीत मीठ जास्त पडले तरी त्यावरून जाऊबाईंना ‘कायम’ आठवत असे.

बाई नक्कल विभागात होत्या. कोणाला आजोबांच्या जन्माची, कोणाला घराच्या खरेदीची, कोणाला स्वतःच्याच लग्नाची जुनी नोंद लागते. ती हवी असेल त्याने खिडकीवर अर्ज द्यायचा. मग कारकुनाने जुनी नोंदवही काढून ती नोंद हाताने उतरवायची, शब्दन् शब्द मुळाशी ताडून बघायचा आणि खाली शिक्का मारून सही करायची. शिक्क्यावर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असे कोरलेले होते. ‘खरी’ आणि ‘नक्कल’ हे शब्द असे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले पाहून बाहेरच्या माणसाला हसू येते. विभागात ते अद्याप कोणाला आलेले नाही.

या विभागात कायम माणूस एकच होता, नाना. एकतीस वर्षांत त्यांच्या हातची एकही नक्कल चुकली म्हणून परत आली नव्हती. दहा महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीकडे पाच कंत्राटी कारकून डोळे लावून बसले होते. बाई त्यांतल्या सर्वांत नव्या. पुढे महिने उलटले, पण ‘नव्या’ हे नाव एकदा चिकटले ते चिकटले.

नवीन माणसाला काम शिकवण्यासाठी पूर्वी एक चाळीस पानी पुस्तिका होती. ती हरवली. तिची नक्कल मिळावी म्हणून विभागाने रीतसर विभागाकडेच अर्ज केला होता, पण स्वतःचा अर्ज पुढे घेतला तर पक्षपात दिसेल म्हणून तो रांगेत ठेवण्यात आला. तोवर तात्पुरती सोय म्हणून साहेबांनी परिपत्रक काढले: ‘नवनियुक्त कर्मचाऱ्यांनी कामकाज ज्येष्ठ कर्मचाऱ्याकडे बघून घ्यावे. प्रश्न विचारून त्यांच्या कामात व्यत्यय आणू नये.’

नानांनी ते चष्मा वर करून वाचले. “म्हणजे तुम्ही आता मला बघून घेणार तर.”

“तसं नाही हो नाना,” बाई गडबडल्या. “तुमच्याकडे बघून शिकणार.”

“बघा की. माझं काय जातंय?” नाना म्हणाले, आणि लिहायला लागले.

बाई त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि वही उघडून टिपत गेल्या. नानांनी नोंद उतरवली, हे दिसले. मग त्यांचे डोळे दोन्ही कागदांवरून एकदा फिरले, हेही दिसले. पण त्या फिरण्यात त्यांनी काय वाचले ते बाहेरून दिसण्यासारखे नव्हते. दिसले ते पुढचे. नानांनी शिक्का उचलला आणि त्यावर फुंकर घातली. डाव्या तळहातावर तो दोनदा ठोकला. मग टेबलाला हात टेकून उठले, मागच्या खिडकीपाशी गेले, खाली वाकून बघितले, उजवा गुडघा चोळला, परत येऊन बसले आणि म्हणाले, “हं.” त्यानंतर शिक्का मारला आणि सही केली.

दुसऱ्या नकलेलाही तेच. पन्नासाव्या नकलेलाही तेच. बाईंच्या वहीत ‘ताडून बघणे’ यासाठी अर्धी ओळ होती आणि उरलेल्यासाठी पावणेदोन पाने.

महिन्याने बाईंना टेबलाची स्वतःची बाजू मिळाली. त्यांनी कित्ता तंतोतंत गिरवला. फुंकर, दोन ठोके, खिडकी, गुडघा, हं. बाईंचा गुडघा ठणठणीत होता, पण वहीत होते म्हणून त्यांनी चोळला. योगायोगाने नाना आणि बाई एकाच वेळी उठले, एकाच वेळी वाकले, आणि दारातून जाणारे साहेब थबकले.

“वा!” साहेब म्हणाले. “याला म्हणतात प्रशिक्षण! बाई, असंच चालू राहू द्या. कायम करायचं म्हटलं की असा माणूस डोळ्यांसमोर येतो.”

साहेबांचे हे वाक्य भिंतीपलीकडच्या चारही कंत्राटी कारकुनांनी ऐकले. त्यांतला उंच कारकून दोन वर्षे विभागात होता आणि आजवर बसल्या जागी शिक्का मारत आला होता. दुसऱ्या दिवशी तो खिडकीपाशी हजर.

“तुम्ही कधीपासून?” बाईंनी विचारले.

“आधीपासूनच. तुमचं लक्ष नसेल,” उंच कारकून गुडघा चोळत म्हणाला. त्याचा गुडघा बराच वर असल्यामुळे तेवढे वाकणे त्याला सोपे होते, म्हणून मेहनत दिसावी यासाठी त्याने ‘हं’ थोडे लांबवले. तिसऱ्याने ते त्याहून लांबवले. आठवडाभरात पाचही कंत्राटी कारकून आणि नाना खिडकीपाशी पाळीपाळीने उभे राहू लागले, आणि गर्दी झाल्यामुळे शिपायाला तिथे वेगळी रांग लावावी लागली. पूर्वी नक्कल एका दिवसात मिळे, ती आता सहा दिवसांनी मिळू लागली. यावर ‘काम काळजीपूर्वक होत असल्याने विलंब’ अशी पाटी लागली.

अर्जाच्या खिडकीबाहेरच्या लोकांना हे सगळे काचेतून दिसत होते. सरकारी माणूस उगीच उठत नाही, एवढे त्यांना माहीत होते. त्यामुळे ‘हं’ झाल्याशिवाय नक्कल पक्की होत नाही, ही गोष्ट कोणी न सांगताच सगळ्यांना कळली. मग एकदा एक आजोबा अर्जाच्या खिडकीशी येऊन अडून बसले.

“माझ्या नकलेवर हं झालं नाही.”

“झालं हो आजोबा, मी स्वतः म्हटलं,” बाई म्हणाल्या.

“मला ऐकू नाही आलं. माझ्या मागच्याचं केवढं लांब झालं! मी काय फुकटचा आलोय?”

“कागद बघा ना, शिक्का आहे, सही आहे.”

“कागदाचं सोडा. हं म्हणा.”

बाईंनी पुन्हा उठून, मागच्या खिडकीशी जाऊन, चांगले भरघोस “हंऽऽ” केले. आजोबा समाधानाने घडी घालून निघून गेले. त्या नकलेप्रमाणे आजोबांच्या आईचा जन्म आजोबांच्या नंतर दोन वर्षांनी झालेला होता. अशा नकला आता रोज पाच-सहा निघत होत्या. पण एकही परत आली नाही, कारण लोक आता ऐकायला येत, वाचायला नाही. बाईंच्या हे एकदोनदा लक्षात आले. शब्द मुळाशी लावून बघायला हवा असे त्यांना वाटलेही. पण खिडकीची पाळी चुकली की पुन्हा शेवटी उभे राहावे लागे, आणि पाळी चुकलेली साहेबांना दिसे. न वाचलेले मात्र दिसत नसे.

साहेबांनी यथावकाश नोंदवही सुरू केली. तिच्यात ‘फुंकर’, ‘ठोके (संख्या)’, ‘खिडकी’, ‘गुडघा (उजवा/डावा)’ आणि ‘हं (कालावधी)’ असे रकाने आखले. शेजारच्या तीन कार्यालयांतून माणसे बघायला आली आणि बघून घेऊन गेली. त्यांतल्या एका कार्यालयाला खिडकीच नव्हती; त्यांनी भिंत फोडण्याची मंजुरी मागितली.

आणि मग, निवृत्तीला चार महिने उरले असताना, नाना एके दिवशी उठलेच नाहीत. त्यांनी नोंद उतरवली, ताडून बघितली, बसल्या जागी शिक्का मारला आणि पुढचा अर्ज ओढला.

काचेपलीकडची रांग पुटपुटायला लागली. उंच कारकून धावत साहेबांकडे गेला. साहेब नोंदवही घेऊन आले. नानांच्या नावापुढचे पाचही रकाने रिकामे होते.

“नाना, खिडकी?”

“गरज नाही साहेब आता.”

“गरज?” साहेबांनी हा शब्द मागेपुढे फिरवून बघितला. “पद्धत आहे ना?”

“कुणाची?”

“तुमचीच! तुमच्याकडे बघूनच तर सगळे शिकले.”

“शिकले ना? मग झालं तर.” नाना हसले. “मी मूळ माणूस, साहेब. मी काय कुणाशी जुळवून घ्यायचं?”

साहेब खुर्ची ओढून बसले. ते वाईट माणूस नव्हते. नियमाबाहेर त्यांना काही दिसत नसे इतकेच. “नाना, तुम्हीच सांगा. ताडून बघताना दोन कागद जुळले नाहीत तर आपण काय करतो?”

“न जुळणारा बाद करतो.”

“इथं पाच जण आहेत. पाचही एकमेकांशी तंतोतंत जुळतात. जुळत नाही तो एकच. मग बाद कोण?”

“पण मी अस्सल आहे!”

“असाल. तशी खरी नक्कल आहे का काही?”

अशी नक्कल नव्हती. निकाल लेखी मिळाला: ‘ज्येष्ठ कर्मचारी हे विहित पद्धतीशी विसंगत आढळल्याने त्यांनी ती नव्या बाईंकडे बघून घ्यावी.’ खाली एक छोटी ओळ होती आणि ती बाईंनी तीनदा वाचली: ‘प्रशिक्षण अपूर्ण असताना सेवानिवृत्ती देता येत नाही. सबब प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत सदर पद रिक्त समजू नये.’

म्हणजे नानांना स्वतःसारखे वागता येईपर्यंत नाना जाणार नाहीत, आणि नाना जाईपर्यंत बाई कायम होणार नाहीत.

त्या दिवशी जेवताना जाऊबाईंनी विचारले, “काय गं, कुठवर आलं तुझं?”

“एक माणूस शिकायचा राहिलाय.”

“कोण?”

“ज्यांनी मला शिकवलं ते.”

जाऊबाईंनी पोळी वाढता वाढता हात आखडता घेतला. “आमच्या ह्यांच्या ऑफिसात असं नाही बाई होत,” त्या म्हणाल्या. आणि पोळी वाढून पुढे म्हणाल्या, “तिथं कुणी शिकतच नाही.”

दुसऱ्या दिवसापासून नाना स्टुलावर बसले आणि बाई नानांच्या खुर्चीत. बाईंना धड बसवेना. शेवटी शिपाई चहा आणायला गेल्याचे बघून त्यांनी हळूच म्हटले, “नाना, मला प्रश्न विचारायला बंदी होती. आता शिकवणारी मी आहे. शिकवणाऱ्यानं विचारू नये असं कुठं लिहिलेलं नाही. विचारू?”

“विचारा की. सहा महिने वाट बघतोय कुणीतरी विचारेल म्हणून.”

“फुंकर कशाला घालायची?”

“एकदा शिक्क्यात मुंगी निघाली होती. एका नवरदेवाच्या नावावर चिरडली बिचारी.”

“आणि खिडकी?”

“स्कूटर. खाली लावायचो. आरसा चोरीला गेला, तेव्हापासून दर थोड्या वेळानं बघायचो, दुसरा तरी आहे का. मागच्या महिन्यात स्कूटर विकली. आता कशाला बघू?”

“गुडघा?”

“दुखायचा. व्यायामानं गेला.”

बाईंनी पुढचे विचारायला धीर गोळा केला. “आणि हं?”

“घसा खवखवायचा हो,” नाना म्हणाले. “चहा कमी केला.”

बाईंनी मनात हिशेब मांडला. पाच कारकून, तीन कार्यालये, एक फोडायला काढलेली भिंत, आणि हे सगळे एका आरशापायी. “मग काम कुठलं होतं नाना? त्या सगळ्यात?”

“वाचणं,” नाना म्हणाले. “तेवढंच. पण ते बघून कसं दिसणार तुम्हाला? तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी कागदाकडे.”

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा एक नक्कल शब्दन् शब्द वाचली आणि तीत चार चुका सापडल्या. चारही त्यांच्याच होत्या. ती दुरुस्त करण्यात खिडकीची पाळी गेली, आणि साहेबांनी त्यांच्या नावापुढे लाल फुली केली.

आता यातून सुटायचा मार्ग एकच, असे दोघांनी ठरवले. नानांनी एकदा सगळे करून दाखवायचे, बाईंनी ‘जुळते’ म्हणून सही करायची, नाना घरी आणि बाई कायम. “एकतीस वर्षं केलंय,” नाना म्हणाले. “एकदा आणखी करायला काय झालं?”

पण साहेबांनी बाईंची एकट्यांची सही मान्य केली नाही. “तुम्हाला त्यात फायदा आहे, बाई. निःपक्षपाती माणूस हवा. लोकांचा विश्वास बसला पाहिजे.” त्यांनी रांगेतले पहिले अकरा अर्जदार आत बोलावले आणि भिंतीला टेकून ओळीने उभे केले. अकरा जणांनी आपापले अर्ज छातीशी धरले.

नाना उठले. त्यांनी शिक्क्यावर फुंकर घातली. दोन ठोके दिले. खिडकीशी गेले, वाकले, गुडघा चोळला, परत आले, बसले आणि म्हणाले, “हं.”

बाईंना ते अगदी पहिल्या दिवसासारखे वाटले. अस्सल. चूक काढायला जागा नव्हती.

पण अकरा जणांनी असे आखूड ‘हं’ कधी ऐकलेच नव्हते. त्यांनी ऐकलेले हं लांब होते, नाकातून येणारे, शेवटाला वर चढणारे. पहिल्या अर्जदाराला शंका आली; त्याने दुसऱ्याकडे बघितले. दुसऱ्याला शंका नव्हती, पण पहिला आपल्याकडे का बघतोय हे न कळून त्याने जरा तोंड वाकडे केले. ते बघून तिसऱ्याने मान हलवली, नाही म्हणून. मग ओळीने सगळ्या माना हलल्या.

“खोटं वाटतंय,” कोणीतरी म्हणाले.

“नक्कल केल्यासारखं,” दुसरा म्हणाला.

“पाहिलंत नाना?” साहेब हळहळून म्हणाले. “मी तरी काय करू? अजून बघा बाईंकडे. येईल हळूहळू.”

बाईंनी तोंड उघडले. स्कूटर, मुंगी, घसा, सगळे जिभेवर आले होते. पण खोलीत बाकीचे चार कारकून भिंतीकडे बघत उभे होते, आणि बाई त्यांच्याकडे बघून घेत, नकळत, तशाच भिंतीकडे बघू लागल्या.

या प्रकरणात कोणाचे किती गेले, ते आता मांडायला हरकत नाही. नानांची निवृत्ती गेली. ते अजून स्टुलावर बसून ‘हं’ लांबवण्याचा सराव करतात आणि त्यांचा घसा पुन्हा खवखवू लागला आहे. बाईंची कायम जागा गेली; त्या बसतात नानांच्या खुर्चीतच, पण कागदोपत्री ती अजून नानांचीच. चार कारकुनांचे चार उजवे गुडघे गेले. साहेबांचे काही गेले नाही; शेजारच्या कार्यालयांनी त्यांच्याकडे बघून घेतले, म्हणून त्यांना बढती मिळाली.

राहिले ते अकरा जण. आमचे काही गेले नाही, असे ते म्हणतात. त्यांतल्या चौथ्याला बाईंनी नंतर जिन्यात गाठून विचारले होते, “तुम्ही मान का हलवलीत?” तो म्हणाला, “सगळ्यांनी हलवली.” तो चौथा म्हणजे तुम्ही. त्या दिवशीच्या अर्जावर तुमच्या हातात पडलेल्या नकलेत तुमच्या नावापुढे ‘मयत’ असे लिहिले गेले आहे, अस्सलबरहुकूम, सहीशिक्क्यानिशी. तुम्ही ती अजून वाचलेली नाही. पाचव्याने न वाचताच घडी घातली होती, म्हणून तुम्हीही घातलीत.